दोन बोटं बर्फ

गाडीखालून माझे फक्त पाय बाहेर होते. पाठीखाली गोणपाट, गोणपाटाखाली लाहौलची गारठलेली जमीन, आणि वरून पिकअपच्या चॅसीचा गंज तोंडावर पडत होता. अशा वेळी माणसाशी कुणी महत्त्वाचं बोलू नये. पण माझी बहीण डॉक्टर झाली तरी तिला वेळकाळ कधी कळलाच नाही.

"दादा, आईनं तुला मला न्यायला पाठवलंय ना?"

माझ्या हातातला पाना निसटला तो थेट कपाळावर बसला.

"आयला! कुणी सांगितलं तुला?"

"कांदा-लसणाची चटणी तू अर्धा किलोच आणलीस. मी इथं हिवाळा काढणार असते तर आईनं पाच किलो दिली असती."

कपाळ चोळत मी गाडीखालीच पडून राहिलो.

मी उत्तम चौगुले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा कारखाना आहे. नांगर, ऊस वाहायच्या ट्रॉल्या आणि शेत सपाट करायची ट्रॅक्टरची पाती, हे माझं काम. वैजयंता, म्हणजे वैजू, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एम.बी.बी.एस. झाली, कोल्हापुरात दवाखाना टाकेल म्हणून आम्ही गाळासुद्धा बघून ठेवला होता, तर ही बया एका संस्थेबरोबर हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात जाऊन बसली. रुमचेन नावाचं चाळीस घरांचं गाव. रोहतांगखालचा बोगदा व्हायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. नोव्हेंबरात रोहतांगची खिंड बंद झाली की ते अख्खं खोरं पाच-सहा महिने जगापासून तुटायचं. खोऱ्यातला मोठा रस्ता तेवढा सरकारी यंत्रं मोकळा ठेवायची, म्हणजे केलाँगच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत जाता यायचं. पण रुमचेनहून त्या मोठ्या रस्त्यापर्यंत सहा किलोमीटरचा कच्चा फाटा. तो बर्फाखाली गेला की गेला. तिकडं कुठलं यंत्र फिरकत नव्हतं.

सप्टेंबरात वैजूचा फोन आला होता. "दादा, तू शेतातली माती लोटायचं पातं करतोस. मला बर्फ लोटायचं करून दे. आमच्या पिकअपला पुढं बसवायचं." मला काय, कामच पाहिजे. सात फुटी पातं केलं, मालट्रकनं मनालीला पाठवलं, मागोमाग मी निघालो. निघताना आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "पातं बसव नाहीतर बसवू नको, पण पोरीला घेऊन ये. दोन वर्षं झाली, दिवाळीचं तोंड बघितलं नाही तिनं. बर्फात वाळून गेली माझी पोरगी."

"मग ऐक," वैजू माझ्या पायांशी बोलत होती. "हे पातं चाललं, रस्ता मोकळा राहिला, तर मी इथंच राहणार, आणि आईला तू समजवायचंस. नाही चाललं, तर मी तुझ्याबरोबर खाली येते. कायमची."

आता मात्र मी सरपटत बाहेर आलो. "कायमची? तू? का गं?"

ती पायरीवर बसली होती. अंगात दोन स्वेटर, डोक्याला इथल्या बायकांसारखी पट्टी. चेहरा खरंच वाळला होता, आई खोटं बोलत नव्हती.

"मागच्या फेब्रुवारीत येशे नावाची एक बाई अडली. रक्त थांबेना. आठ माणसांनी तिला दाराच्या फळीवर घातलं आणि कमरेएवढ्या बर्फातून निघाले. मी तिचा हात धरून चालत होते. चौथ्या किलोमीटरला ती गेली, दादा. काय करायचं ते मला सगळं माहीत होतं, फक्त करायला लागणारं ऑपरेशनचं टेबल केलाँगला होतं. मोठ्या रस्त्यावर आमची गाडी उभी होती, तिथून अर्धा तास लागला असता. आणि आम्हाला चार किलोमीटरला पाच तास लागले." तिनं नाक पुसलं. "यंदा तीन बायका पोटुशा आहेत. तसा आणखी एक हिवाळा मला जमणार नाही. नुसतं हात धरायला डॉक्टर कशाला पाहिजे?"

"आईला सांगितलंस हे?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

म्हणजे बघा माझी अवस्था. पातं चाललं तर बहीण गेली, नाही चाललं तर बहीण मिळाली. आणि पातं बसवणारा मी.

पण कामाला हात लावला की मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा जुना रोग. चार दिवस मी आणि ड्रायव्हर अंगरूप त्या पिकअपला चिकटून होतो. अंगरूप चाळिशीचा, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा माणूस. पात्याची चौकट बंपरला नाही, थेट चॅसीला बोल्टांनी आवळली. बंपरला बांधली असती तर पहिल्या ढिगाऱ्यात बंपरसकट हातात आली असती. पात्याच्या वजनानं गाडीनं पुढून मान टाकली, म्हणून पुढच्या स्प्रिंगांच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घातला. पातं वर-खाली करायला बॅटरीवर चालणारी छोटी विंच बसवली. केबिनमधलं बटण दाबलं की तार गुंडाळते आणि पातं उचललं जातं. बटण दाबून बघितलं, तेव्हा गावातली झाडून सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही जरा छाती काढली, खोटं कशाला बोलू.

आणखी एक वस्तू मी खास कोल्हापुरातून करून आणली होती. एक जाडजूड खिट्टी. आमच्या उसाच्या पट्ट्यात पात्यानं माती चावली पाहिजे. हलकं पातं शेतावरून नुसतं हुंदडतं, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या घालतं. म्हणून पातं खाली सोडलं की ही खिट्टी मारायची. मग ते वर उचलायचं नावच घेत नाही, जमीन धरून चालतं.

अंगरूपनं खिट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. त्याचं हिंदी पहाडी आणि माझं हिंदी कोल्हापुरी, पण कामापुरतं दोघांना कळायचं. "साहेब, खाली दगड आला तर?"

"दगड बाजूला होईल," मी म्हटलं. "सात फुटी पातं आहे हे, काय चेष्टा आहे?"

त्यानं त्या दिवसाचे वीस शब्द संपवले असावेत. त्यानं खिट्टी परत माझ्या हातात दिली.

वैजूचा दवाखाना आंगमो नावाच्या बाईच्या घरात, खालच्या मजल्यावर होता. साठीची बाई, सगळे तिला अम्माजी म्हणायचे. हातात कायम विणकाम, चालताना-बोलताना सुया चालूच. तिची सून पाल्मो त्या तीन पोटुशा बायकांपैकी एक होती, जानेवारीअखेरीस बाळंत व्हायची होती. सकाळ-संध्याकाळ आंगमो येऊन गाडीभोवती एक चक्कर मारायची, पात्याकडं बघायची आणि काही न बोलता निघून जायची.

नऊ नोव्हेंबरला बर्फ पडलं. गुडघ्याच्या जरा खाली. अख्खा गाव फाट्यावर जमला. मी केबिनमध्ये अंगरूपच्या शेजारी बसलो, पातं खाली सोडलं, उतरून खिट्टी मारली आणि परत चढलो. "चलो!"

पहिली वीस पावलं झकास. बर्फ उसळून बाजूला पडत होतं, मागं पोरं ओरडत पळत होती. मग खालून खरखर यायला लागली. पात्यापुढं पांढऱ्याच्या जागी काळं दिसायला लागलं. माती, खडी, रस्त्याची सगळी आतडी वर येत होती. "रोको!" म्हणेपर्यंत पातं जमिनीत रुतलेल्या एका धोंड्याला जाऊन भिडलं. असा दणका बसला की अंगरूपचं नाक स्टीअरिंगवर आणि माझं डोकं काचेवर.

उतरून बघितलं. पात्याची धार एका कोपऱ्यात दुमडली होती. चौकटीच्या एका पट्टीला चीर. मागं वळलो तर वीस पावलांची नांगरट, पेरणीला एकदम तयार.

अंगरूप नाकाला बर्फ लावून उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तर रस्ताच खणतंय."

दोन्ही हात बगलेत घालून वैजू त्या नांगरटीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळली. "खाली मोठ्या रस्त्यावरून उद्या दहा वाजता जीप जाणार आहे, मनालीला. खिंड एक-दोन दिवसांत बंद होईल म्हणतात. मी बॅग भरते."

"अगं, पण..."

"शब्द म्हणजे शब्द, दादा."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आईचा चेहरा डोळ्यापुढं आला. लाजही वाटत होती. वीस वर्षांच्या धंद्यात माझं अवजार असं चारचौघांत कधी तोंडावर पडलं नव्हतं. पण लाजेचं काय, ती रोहतांगच्या अलीकडंच राहिली असती. कोल्हापुरात कुणाला कळणार होतं?

सकाळी जाग आली ती डोक्यावर कुणीतरी काहीतरी ओढतंय अशा आवाजानं. रात्री पुन्हा बर्फ पडलं होतं, आणि आंगमो गच्चीवर चढून ते काढत होती. तिथली घरं मातीच्या सपाट छपराची. बर्फ साचू दिलं तर छप्पर बसायचं, म्हणून पडलं की काढायचं. साठीची बाई एकटी राबतेय आणि मी पांघरुणात, हे काही मला बघवेना. शिडीवरून वर गेलो, तिच्या हातातलं लाकडी फावडं घेतलं आणि लागलो की कामाला. चांगला जोर लावून, खालपर्यंत, एक कण ठेवला नाही.

"अरे! अरे! थांब!" ती अशी ओरडली की शेजारच्या गच्चीवरचा माणूससुद्धा थांबला. "छप्पर खरवडून काढतोस काय? उन्हाळ्यात गळायला लागलं की लिंपायला तू येणारेस?"

मी खाली बघितलं. फावड्यावर बर्फाबरोबर छपराची पिवळी मातीही आली होती.

तिनं फावडं हिसकावून घेतलं. "असं. वरच्या वर. दोन बोटं बर्फ राहू दे. खालपर्यंत कशाला जायचं? ते दोन बोटं बर्फ छप्पर सांभाळतं." आणि तिनं फावडं असं अलगद सरकवलं की वरचा थर सरळ कडेवरून खाली गेला, आणि मागं दोन बोटं जाडीचा, घट्ट, सपाट थर राहिला.

"तुझ्या त्या गाडीला हेच सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "पण डॉक्टरचा भाऊ, एवढ्या लांबून आलेला. म्हातारीनं कशाला तोंड घालायचं?"

मी तसाच उभा राहिलो. एका क्षणात सगळं पातं माझ्या डोक्यात सुटं झालं आणि नव्यानं जोडलं गेलं. चावायचं नव्हतंच! खिट्टी काढून टाकायची. तार ढिली सोडायची, म्हणजे दगड आला की पातं आपोआप वर उचललं जाईल. आणि पात्याच्या दोन्ही टोकांना खालून वाकवलेल्या लोखंडाचं एकेक पाऊल जोडायचं, धारेपेक्षा दोन बोटं खाली. बर्फावरच्या घसरगाडीसारखं पातं त्या पावलांवर घसरत जाणार, आणि जमिनीला धार लागणारच नाही. पावलांना लोखंडही होतंच. जादा पाटे कापताना उरलेले तुकडे गाडीत पडले होते.

सात वाजले होते.

आता जे सांगतोय ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वैजूला तर नाहीच. मी खाली उतरलो आणि गप्प राहिलो.

तोंड धुतलं. आंगमोनं दिलेला खारट चहा प्यालो. माझी पिशवी बांधली. मनाशी म्हणत होतो की, उत्तम, तुला कुणी विचारलंय का? ती स्वतःहून येतेय. तू ओढून नेत नाहीयेस. आई दारात उभी असेल. मी वैजूची बॅगसुद्धा उचलून अंगणात आणून ठेवली, एवढा निलाजरा झालो होतो. जड होती बॅग, पुस्तकंच जास्त.

आठ वाजता दवाखान्याच्या खोलीत डोकावलो. वैजूपुढं पाल्मो बसली होती, सात महिन्यांचं पोट सांभाळत. वैजू कागदावर हिंदीत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होती आणि वाचून दाखवत होती. "डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर थांबायचं नाही. रक्त दिसलं तर लगेच निघायचं. दुखायची वाट बघायची नाही. बर्फ कमी असेल तेव्हाच खाली नातेवाइकांकडं जाऊन राहता आलं तर बघ."

"खाली माझं कुणी नाही," पाल्मो म्हणाली.

वैजूचं पेन थांबलं. मग तिनं तो कागद तसाच पाल्मोच्या हातात दिला. पाल्मोनं त्याची बारीक घडी केली, पायमोज्यात खोचली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही खूप केलंत."

ती माझ्या बहिणीची समजूत काढत होती, बघा. जिला सहा किलोमीटर चालायला लागणार होतं, ती!

इतकी स्वतःची किळस मला त्याआधी कधी आली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

"वैजू," मी म्हटलं. "जीपवाल्याला निरोप धाड. जा म्हणावं."

"काय झालं?"

"पातं चालणार आहे. चूक कळली मला."

ती उठून उभी राहिली. "कधी कळली?"

"आत्ता," मी म्हटलं.

"दादा, आजची जीप सोडलीस आणि खिंड बंद झाली तर तू अडकशील. तुझा हंगाम सुरू झालाय. कारखान्यात ट्रॉल्यांची रांग लागली असेल."

"लागू दे. माझी माणसं काय झोपा काढायलेत? तू जनरेटर चालू कर."

दोन दिवस लागले. वेल्डिंगचं मशीन मी बरोबर आणलंच होतं, पण दवाखान्याचा जनरेटर एवढासा. दोन टाके मारले की तो दम टाकायचा, मग त्याला गार व्हायला वेळ द्यायचा. बोटं लोखंडाला चिकटायची. चौकटीची चीर सांधली, दुमडलेली धार ठोकून सरळ केली, पाट्याचे तुकडे तापवून पुढून वर वाकवले, अगदी जोड्याच्या टोकासारखे, आणि दोन्ही टोकांना पक्के केले. आंगमो मध्येच आली आणि पात्याखाली दोन बोटं घालून अंतर मोजून गेली. या वेळी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगरूप म्हणाला, "साहेब, खिंड बंद झाली." मी "बरं" म्हटलं आणि पुढचा टाका मारला.

बारा तारखेला पुन्हा फाट्यावर आलो. या खेपेला गाव फारसं जमलं नव्हतं, लोकांनी आमची आशा सोडली असावी. पण नवी अडचण निघाली. पुढं पात्याचं वजन आणि मागं गाडी मोकळी, त्यामुळं मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागं वजन पाहिजे होतं. दगडांची पोती भरायला तासभर तरी गेला असता.

"वजन पाहिजे ना?" आंगमोनं विणकाम बगलेत मारलं. "ए बायांनो, चला गं! चढा!"

आणि सात बाया चढल्या की मागं! गाडीच्या मागच्या फळीला धरून, एकमेकींना ओढत, खिदळत. बसल्या आणि लगेच सुया बाहेर काढून विणायला लागल्या. वैजू कपाळाला हात लावून म्हणाली, "अम्माजी, पडाल!" तर आंगमो म्हणाली, "तू डॉक्टर आहेस ना? मग काय भीती?"

अंगरूपनं गाडी घातली. पातं बर्फात शिरलं, तिरकं, दरीच्या बाजूला. बर्फ गुंडाळत, उलटत कडेला पडायला लागलं. खरखर नाही. माती नाही. त्या धोंड्यापाशी आलो तेव्हा मी डोळे मिटले. पातं जरासं कुरकुरलं, वर झालं, पलीकडं उतरलं आणि पुढं चाललं. मागं घट्ट, पांढरा रस्ता राहिला. त्याच्यावर साखळ्या बांधलेली चाकं अशी धरत होती की विचारू नका.

मोठ्या रस्त्याला लागायला पाऊण तास लागला. तिथं बाया उतरल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांतल्या दोघी येशेच्या जावा होत्या, हे मला नंतर कळलं. वैजू माझ्याकडं आली, माझ्या तेलकट जर्किनमध्ये तोंड खुपसून उभी राहिली आणि हमसून रडली. तिला वाटलं, मी तिच्यासाठी केलं. मी गप्प राहिलो.

मग काय, अडकलोच मी. हिवाळ्यात अडकलेल्यांना न्यायला येणाऱ्या सरकारी हेलिकॉप्टरच्या यादीत नाव लावलं, पण माझ्या पुढं आजारी माणसं, परीक्षेची पोरं. एका धडधाकट कोल्हापुरी माणसाला कोण आधी नेणार? बर्फ पडलं की मी आणि अंगरूप पहाटे इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी ठेवून ते उबवायचो आणि फाटा साफ करून यायचो. उरलेल्या वेळात आंगमोनं मला विणकाम शिकवलं. मी एक पायमोजा पुरा केला. एकच.

आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं की, खिंड बंद झालीय, दोघंही अडकलोय. ती फोनवर मला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जानेवारीच्या सत्तावीस तारखेला सकाळी सहाला आंगमो माझ्या दारात आली. तिच्या हातात सुया नव्हत्या. त्यावरूनच मी समजलो.

पाल्मोला रक्त जात होतं. रात्रीतून दीड फूट पडलं होतं. अंगरूपनं निखारे आधीच लावले होते. गादी घालून पाल्मोला केबिनच्या मागच्या बाकावर निजवलं, वैजू तिच्याशी. मी आणि आंगमो मागं, दगडांच्या पोत्यांवर. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठायचं. आंगमो माळ ओढत होती आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की चार दिवस वळ राहिले. चौथ्या किलोमीटरला तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. गाडी थांबली नाही. बर्फ कडेला पडत राहिलं, पातं चालत राहिलं.

पन्नास मिनिटांत मोठा रस्ता. सव्वाआठच्या आत केलाँग. डॉक्टर तयारच होते, वैजूही आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. आणि मला ती सकाळ आठवायला लागली, ते सात ते आठ. मी तेव्हा आणखी दोन तास गप्प बसलो असतो तर आता ही बाई कुठं असती, याचा हिशेब मी करत राहिलो.

साडेनऊला वैजू बाहेर आली. अंगावरचा हिरवा झगा रक्तानं भरलेला, आणि तोंडावर असं हसू की लहानपणी पतंग काटल्यावर असायचं. "मुलगी. दोघी ठीक आहेत."

आंगमो मटकन खालीच बसली. मी बाजाराकडं चालत सुटलो आणि फोनच्या टपरीत शिरलो.

"आई, मी उत्तम."

"सुटलात का? कधी निघताय?"

मी सगळं सांगून टाकलं. वैजूनं नको म्हटलेलंसुद्धा. येशे, दाराची फळी, चौथा किलोमीटर, वैजूनं दिलेला शब्द, पातं, आणि आत्ता झालेली मुलगी. फक्त तो एक तास सोडून सगळं.

"आई? पातं चाललं गं. म्हणून वैजू राहिली. मी आणू शकलो असतो तिला. आणली नाही."

"उत्तम," आई म्हणाली. "त्या बायांना तसंच टाकून तू तिला घेऊन आला असतास ना, तर तुला घरात घेतला नसता मी."

"अगं, पण तूच पाठवलंस ना मला!"

"पाठवलं. मी आई आहे, मी पाठवणारच. तू ऐकायचं नव्हतंस."

फोन ठेवला तिनं. मी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. एक तास तुझं ऐकलं होतं मी, आई, हे मला तिला कधीच सांगता आलं नाही. आता ती नाही.

टपरीच्या बाहेर वैजू उभी होती, झग्यावर कुणाचा तरी कोट घालून. "काय म्हणाली आई? चिडली?"

"राहा म्हणाली," मी सांगितलं, आणि भर बाजारात मला रडू कोसळलं.